खानदेशातल्या गाड्या : गरज आणि हौस

नवी मोटार घेताना आज घरोघरी वाद रंगतो तो काचेच्या छताचा, मोठ्या पडद्याचा आणि एअरबॅगांचा. कोणती सोय कामाची आणि कोणती नुसती मिरवायची, हा प्रश्न मात्र खानदेशात मोटारीपेक्षा जुना आहे. इथल्या गाडीवानांनी आणि सुतार-लोहारांनी त्याचा निवाडा फार नेटका केला होता. गाडी कोणत्या वाटेने जाणार, मोडली तर दुरुस्त कोण करणार आणि एखादी सोय नसली तर झळ कुणाला बसणार, हे पाहून ते ठरवत. हीच कसोटी आजही लावावी, असे माझे म्हणणे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथला बराचसा माल लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून जाई. 1860च्या दशकात जी.आय.पी. रेल्वे चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करत भुसावळला पोचली आणि त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव कडाडले. आता माल गावातून स्टेशनापर्यंत नेला की पुरे होते. त्या पल्ल्याला आऱ्यांच्या चाकांची बैलगाडी सोयीची ठरली. तिच्या चाकावर लोखंडी धाव चढवणे हे मोठ्या कसबाचे काम. गोवऱ्यांच्या जाळात धाव लालबुंद करायची, चिमट्यांनी उचलून लाकडी चाकावर बसवायची आणि लाकूड पेटायच्या आत वरून पाणी ओतायचे. लोखंड आवळले की आरे, पाटे आणि तुंबा एकजीव होत. खानदेशी उन्हाळ्यात लाकूड आटून धाव सैल पडे. तेव्हा गावचाच लोहार ती पुन्हा आवळून देई. दुरुस्ती वेशीच्या आत होत होती, हा त्या चाकाचा सर्वांत मोठा गुण.

पुढे विसाव्या शतकात हवेच्या टायरची गाडी आली. पक्क्या रस्त्यावर ती बैलांना हलकी जाते, आणि अरुंद धाव जशी खडीचा रस्ता कापते तसा ती कापत नाही. तरी कित्येक शेतकरी लाकडी चाकालाच धरून राहिले आणि त्यांच्यावर अडाणीपणाचा शिक्का बसला. हा आरोप मला पटत नाही. तापीकाठच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात टायरगाडीचे ठेंगणे चाक रुतून बसते, तिथे उंच लाकडी चाक वाट काढते. बांधावरच्या बाभळीचा एक काटा टायर बसवायला पुरे, आणि पंक्चर काढणारा असायचा तालुक्याला. डांबरी सडक शिवारापर्यंत आली, फाट्यावर पंक्चरचे दुकान उघडले, तेव्हा याच शेतकऱ्यांनी टायरगाडी घेतली. त्यांचा हिशेब आधीही बरोबर होता आणि नंतरही.

मग सगळे घेणाऱ्यावरच सोपवावे का? इथे मात्र थांबायला हवे. बैलगाडीखाली रात्री कंदील टांगत. गाडीवानाला त्याचा फारसा उपयोग नव्हता. बैलांना घरची वाट पाठ असते. तो कंदील होता मागून येणाऱ्यासाठी. ब्रेकचेही तेच. लळिंगसारख्या घाटात उतरताना ब्रेक नसलेल्या गाडीचे सारे ओझे जुवावाटे बैलांच्या मानेवर येते, आणि बैल काही तक्रार करायला येत नाही. बंगळुरूच्या आयआयएमचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडी सुधारण्याचा ध्यास घेतला, तो बैलांचे हे हाल कमी करण्यासाठीही. ज्या सोयीचा खर्च एकाला आणि लाभ दुसऱ्याला, तिथे घेणाऱ्याची आवडनिवड पुरत नाही, नियमच लागतो. उसाच्या ट्रॉल्या आजही मागे रिफ्लेक्टर न लावता अंधारात महामार्गावर येतात. त्यांना कंदिलाचा तो जुना शिरस्ता सक्तीनेच लावला पाहिजे.

मोटारीतही चालकासाठी एअरबॅग 2019पासून आणि शेजारच्यासाठी 2021पासून सक्तीची झाली. यामुळे गाडी महागते आणि लहान शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर जाते, हा आक्षेप खरा आहे. पण मग कात्री लावायची तर ती हौसेला लावावी. जळगाव-भुसावळात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. तिथे काचेच्या छताला वर्षातले किती महिने अर्थ आहे? एसी कमी-जास्त करायला पडद्यावर बोट शोधावे लागते आणि तेवढा वेळ नजर रस्त्यावरून हटते. युरोपातल्या ‘युरो एनकॅप’ या वाहनसुरक्षा तपासणी संस्थेनेही 2026पासून महत्त्वाच्या कामांसाठी साध्या बटनांचा आग्रह धरला आहे. गाडीला पट्ट्यांच्या आत ठेवणारी यंत्रणा उत्तम, पण रस्त्यावर पट्टे तर हवेत. फागणे ते तरसोद महामार्गाचे चौपदरीकरण वर्षानुवर्षे रखडले, त्या काळात ती यंत्रणा इथल्या चालकाला काय उपयोगाची होती?

एसीला मात्र मी हौसेत धरणार नाही. रावेर-यावलची केळी घेऊन दिल्लीकडे निघालेला ट्रकचालक उन्हाळ्यात इंजिनाच्या धगीशेजारी तासन्‌तास बसतो. उष्म्याने त्याला ग्लानी आली, तर समोरून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याच्या जिवावर बेतते. 1 ऑक्टोबर 2025पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनमध्ये एसी बंधनकारक झाला, तो खानदेशापुरता तरी फार उशिरा झाला. आणि रस्त्यावर आधीच धावणाऱ्या जुन्या ट्रकना तर तो नियम लागूच नाही.