ठाकूरद्वार, सोनापूर आणि मरणानंतरचा प्रश्न

मेल्यानंतर माणसाचे काय होते हा प्रश्न धर्मशास्त्राचा आहे, इतिहासाचा नव्हे. कबरीत काय घडते याचा कागद कोणत्याही दप्तरखान्यात सापडत नाही. पण या प्रश्नाची माणसांनी काय उत्तरे दिली, त्या उत्तरांपायी ती कशी भांडली आणि आपल्या मृतांशी कशी वागली, याचा इतिहास मात्र लिहिता येतो. मुंबईपुरता तो लिहायचा झाल्यास ठाकूरद्वारापासून सुरुवात करावी. या नाक्याच्या आसपासच्या छोट्याशा टापूत या प्रश्नाची जितकी उत्तरे शेजारी-शेजारी नांदली, तितकी फार थोड्या ठिकाणी नांदली असतील.

ठाकूरद्वार म्हणजे देवाचे दार. देवळावरून पडलेले हे नाव. या दारापासून मरीन लाइन्सच्या दिशेने थोडे चालत गेले की चंदनवाडीची स्मशानभूमी लागते आणि तिच्या शेजारीच मुसलमानांचे बडे कब्रस्तान. जुन्या मुंबईत या सगळ्या भागाला सोनापूर म्हणत. मरणाचे सोने होते, असे मराठी माणूस म्हणतो. त्याच समजुतीचे हे नाव. जिथे देहाची राख किंवा माती होते, त्या जागेला लोकांनी सोन्याचे गाव म्हटले, यातच त्यांचे उत्तर आले. देहाचा शेवट म्हणजे सगळ्याचा शेवट, असे त्यांना वाटत नव्हते.

शहर वाढले तसे सोनापूर वस्तीच्या मध्ये आले. इंग्रज सरकारने इथली स्मशानभूमी शिवडीकडे हलवण्याचा घाट घातला, तेव्हा नाना शंकरशेट (१८०३-१८६५) यांनी लोकांच्या वतीने विरोध केला आणि स्मशान जागेवर राहिले. आज ठाकूरद्वारावरून जाणाऱ्या रस्त्याला नानांचेच नाव आहे. शाळा, रेल्वे, संग्रहालय अशा जिवंत माणसांच्या गरजांसाठी झटणाऱ्या या पुढाऱ्याला मृतांच्या जागेसाठीही भांडावेसे वाटले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

नानांच्या मृत्यूनंतरच्या पंधरा-सोळा वर्षांत गिरगावात तीन वेगवेगळे विचारप्रवाह येऊन थांबले. मार्च १८६७ मध्ये डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज स्थापन झाला. एक निराकार ईश्वर आणि त्याची उपासना हा त्याचा गाभा. मूर्तिपूजा त्याने नाकारली आणि पुनर्जन्माचा आग्रहही धरला नाही. एप्रिल १८७५ मध्ये स्वामी दयानंदांनी गिरगावातच आर्य समाजाची स्थापना केली. मूर्तिपूजा त्यांनीही नाकारली. पण कर्म आणि पुनर्जन्म यांवर त्यांचा ठाम विश्वास होता. मोक्ष मिळालेला आत्मासुद्धा दीर्घ काळानंतर परत येतो, इथपर्यंत त्यांची मांडणी जाते. आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कट ही थिऑसॉफिकल सोसायटीची जोडी मुंबईत उतरली. त्यांनी बिऱ्हाड केले ते गिरगाव बॅक रोडवर, म्हणजे आजच्या विठ्ठलभाई पटेल मार्गावर. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये 'थिऑसॉफिस्ट' हे त्यांचे मासिक मुंबईतूनच सुरू झाले.

त्या काळी अमेरिकेत आणि युरोपात मृतात्म्यांशी बोलण्याचे मोठे वेड होते. टेबलाभोवती बसायचे, माध्यमाने डोळे मिटायचे आणि मेलेल्या नातलगाचा निरोप ऐकायचा. ऑल्कट अशाच प्रयोगांची चौकशी करता करता या वाटेला लागले होते. ब्लाव्हाट्स्कीबाईंचे म्हणणे थोडे निराळे होते. बैठकीत येतो तो खरा आत्मा नव्हे, त्याने मागे टाकलेले कवच असते, असे त्या सांगत. मात्र चमत्कारांचे त्यांनाही वावडे नव्हते. अदृश्य घंटा वाजत, कुठूनशी पत्रे पडत. स्वामी दयानंदांशी सुरुवातीला त्यांचे सूत जमले. १८८२ मध्ये स्वामींनी जाहीरपणे संबंध तोडले. त्याच वर्षाच्या अखेरीस सोसायटीने मद्रासजवळच्या अड्यारला मुक्काम हलवला. पुढे लंडनच्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च या संस्थेने रिचर्ड हॉजसन यांना चौकशीसाठी हिंदुस्थानात पाठवले. १८८५ च्या त्यांच्या अहवालाने बाईंचे चमत्कार ही बनवाबनवी असल्याचा निष्कर्ष काढला. याच संस्थेच्या नियतकालिकात १९८६ मध्ये व्हर्नन हॅरिसन यांनी हॉजसन यांच्या तपासपद्धतीवर कडक टीका केली. म्हणजे शंभर वर्षांनंतरही वाद मिटला नव्हता. पण तो वाद पत्रे कोणी लिहिली याबद्दलचा होता. परलोक आहे की नाही, या प्रश्नाला त्याचा स्पर्शही झाला नाही.

मुसलमान वाचकाला इथे थांबून विचार करावासा वाटतो. आपल्याकडे आखिरत हा ईमानचा भाग आहे आणि ईमान हे 'गैब'वर, म्हणजे न दिसणाऱ्यावर असते. मृत्यू आणि कयामत यांच्या दरम्यान 'बर्जख'चा पडदा आहे असे कुरआन सांगते. पडदा म्हटल्यावर पलीकडचा निरोप आणण्याचा खटाटोप उरत नाही. याच काळात उत्तरेत सर सय्यद अहमद खान जन्नत आणि जहन्नमच्या वर्णनांचा रूपकात्मक अर्थ लावत होते आणि त्यासाठी उलेमांचा रोष पत्करत होते. जन्नतीतल्या नद्या खऱ्या की आत्म्याच्या सुखाची ती उपमा, हा त्यांच्यातला मतभेद होता. हिशेब द्यावा लागेल, याबद्दल मात्र दोन्ही बाजूंचे एकमत होते.

मुंबईच्या मुसलमानांनी त्या वर्षांत या वादात फारशी शक्ती खर्च केल्याचे दिसत नाही. १८७४ मध्ये त्यांनी अंजुमन-इ-इस्लाम काढली. बद्रुद्दीन तय्यबजी हे तिच्या संस्थापकांतले. हदीसप्रमाणे माणूस मेल्यावर त्याची तीन कामे चालू राहतात : सदका-ए-जारिया म्हणजे वाहते राहणारे दान, लोकांच्या उपयोगी पडणारे ज्ञान आणि आईबापांसाठी दुआ करणारी नेक संतती. शाळा काढणे हे यांपैकी पहिल्या दोहोंत बसते. मरणानंतर जीवन आहे का, या प्रश्नाचे हे एक व्यवहारी उत्तर होते आणि ते आजही पोरांना शिकवते आहे.

मृतांशी वागण्याचेही तसेच. गुस्ल, कफन, जनाजाची नमाज आणि दफन हे फर्जे-किफाया आहे. काहींनी केले तर सगळ्यांची जबाबदारी उतरते, कोणीच केले नाही तर सगळे गुन्हेगार. बड्या कब्रस्तानात जागा मर्यादित, म्हणून काही वर्षांनी त्याच जागी दुसरी कबर खोदली जाते. खाली कोण होते हे वर झोपणाऱ्याला ठाऊक नसते. याच मातीत १९८१ मध्ये नर्गिस यांना त्यांच्या आई जद्दनबाई यांच्याजवळ दफन केले गेले. त्यांचे पती सुनील दत्त यांच्यावर २००५ मध्ये अग्निसंस्कार झाले. एका संसारातल्या दोघांच्या दोन वाटा झाल्या; त्यामुळे त्यांचा संसार खोटा ठरला, असे कोणी म्हटले नाही.

या कब्रस्तानाची कठीण परीक्षा २००८ च्या डिसेंबरात झाली. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यात मारल्या गेलेल्या नऊ दहशतवाद्यांना इथे जागा देण्यास विश्वस्तांनी नकार दिला. निरपराधांना मारणारे हे लोक मुसलमान म्हणवून घेण्यास पात्र नाहीत, ही त्यांची भूमिका होती. देशभर तिचे कौतुक झाले. पण आपल्यात एक शंकाही उठली. गुन्हेगार कलमागोचेही दफन समाजावर फर्ज असेल, तर नकार देण्याचा अधिकार कोणाचा? आणि कोणाच्या ईमानचा निवाडा माणसाने करावा का?

शंका रास्त आहे. परंतु आपल्या परंपरेत तिला उत्तर सापडते. आत्महत्या केलेल्याच्या जनाजाची नमाज प्रेषितांनी स्वतः पढवली नाही, कर्ज मागे ठेवून गेलेल्याची नमाज इतरांना पढायला सांगितली, असे हदीसमध्ये आले आहे. जबाबदार माणसाने मागे सरकणे हा जिवंतांना दिलेला इशारा असतो. मृताच्या आखिरतीचा निकाल तो नसतो. विश्वस्तांचा नकार याच अर्थाने घेतला पाहिजे. त्यांनी जमीन नाकारली. जहन्नम वाटून देण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता. त्यांच्या तोंडची 'हे मुसलमानच नाहीत' ही भाषा मात्र त्या मर्यादेच्या पुढे जाते, हेही नोंदवले पाहिजे. ते मृतदेह जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात वर्षभराहून अधिक काळ पडून होते. अखेर जानेवारी २०१० मध्ये सरकारने त्यांचे गुप्तपणे दफन केले आणि एप्रिलमध्ये गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी ते विधिमंडळात सांगितले. समाजाने सोडलेले काम सरकारला करावे लागले. देह उघड्यावर टाकता येत नाही, मग तो कोणाचाही असो.

दुसरी परीक्षा उलट्या बाजूने आली. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने कोविडच्या सर्व मृतांना, धर्म कोणताही असो, अग्नी देण्याचे परिपत्रक काढले आणि त्याच दिवशी ते मागे घेतले. तरी वांद्र्याच्या कब्रस्तानातील दफनाविरुद्ध काही रहिवासी उच्च न्यायालयात गेले. मे २०२० मध्ये न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. मृतदेहातून संसर्ग पसरतो याला आधार नाही आणि सन्मानाने अंत्यसंस्कार होणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील प्रतिष्ठेच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्याच काळात बड्या कब्रस्तानातले मुसलमान स्वयंसेवक बेवारस राहिलेल्या हिंदू मृतांना स्मशानात नेऊन त्यांच्या रीतीने अग्नी देत होते. शेजारच्याचे परलोकाबद्दलचे उत्तर त्यांना मान्य नव्हते. त्याचा देह मात्र त्यांनी खांद्यावर घेतला.

एका यहुद्याचा जनाजा जाताना प्रेषित उठून उभे राहिले आणि सोबत्यांनी तो यहुदी असल्याचे सांगितल्यावर, तो जीव नव्हता का, असे त्यांनी विचारले, ही हदीस आपण लहानपणी ऐकलेली असते. गिरगावात परलोकाचे पुरावे मांडणारे आले आणि गेले. गेल्या दीडशे वर्षांत त्यांच्यापैकी कोणीही नास्तिकाला निरुत्तर करील असा पुरावा ठेवून गेला नाही, आणि नास्तिकालाही उलट पुरावा देता आलेला नाही. सोनापुरातल्या दोन्ही जागांवर मात्र रोज माणसे येतात, देह ठेवतात, हात जोडतात किंवा दुआ मागतात. आखिरत आहे असे मानणाऱ्या आपल्यासारख्यांवर एवढेच बंधन येते की, तिथे आपल्याला मृतांशी आणि जिवंतांशी कसे वागलो याचा जबाब द्यायचा आहे, हे विसरू नये. तो जबाब लिहायला कबरीची वाट पाहावी लागत नाही.