जॉर्ज अँटाइल यांचे संगीतेतर उद्योग : पियानोच्या गुंडाळीपासून टॉर्पेडोपर्यंत

अमेरिकन संगीतकार जॉर्ज अँटाइल (१९००–१९५९) यांच्या संगीतेतर कार्याची नोंद बहुधा एक गमतीदार योगायोग म्हणून केली जाते. चित्रपटतारका हेडी लमार यांच्यासमवेत त्यांनी घेतलेल्या पेटंटला अलीकडे मोठी प्रसिद्धी मिळाली; मात्र त्यात संगीतकाराचा वाटा नेमका कोणता, हा प्रश्न मागेच राहिला. त्याचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम त्यांच्या संगीताकडेच वळावे लागते.

१९२६ साली पॅरिस येथे त्यांच्या ‘बॅले मेकानिक’ या रचनेचा पहिला जाहीर प्रयोग झाला. मूळ आराखड्यात सोळा स्वयंचलित पियानो, विजेच्या घंटा आणि विमानाचे पंखे योजिले होते. अशा पियानोमध्ये छिद्रे पाडलेली कागदाची गुंडाळी फिरते आणि छिद्रांनुसार पट्ट्या आपोआप वाजतात. अडचण होती ती एककालिकतेची. स्वतंत्रपणे फिरणाऱ्या गुंडाळ्या काटेकोरपणे एकाच गतीने चालविणे त्या काळी साधले नाही. परिणामी वाद्यांची संख्या कमी करावी लागली. मूळ वाद्ययोजनेप्रमाणे ही रचना १९९९ मध्ये, संगणकाच्या साहाय्याने, प्रथम सादर झाली.

पुढे हॉलिवूडमध्ये चित्रपटांना संगीत देत असताना अँटाइल यांनी अंतःस्रावी ग्रंथींवर नियतकालिकांतून लेख लिहिले आणि १९३७ मध्ये ग्रंथी व गुन्हेगारी यांवर एक पुस्तकही प्रसिद्ध केले. शास्त्रीय निकषांवर हे लेखन टिकणारे नाही. परंतु लमार यांच्याशी त्यांचा परिचय झाला तो याच विषयाच्या निमित्ताने, हे नमूद करावयास हवे.

हा परिचय १९४० च्या उत्तरार्धातील. त्याच वर्षी १४ जून रोजी अँटाइल यांचे धाकटे बंधू हेन्री, जे अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेत होते, टॅलिनहून हेलसिंकीकडे निघालेले ‘कालेवा’ हे प्रवासी विमान सोव्हिएत विमानांनी पाडल्यामुळे मृत्युमुखी पडले होते. युद्ध त्यांच्या घरात शिरले होते. लमार यांचे पहिले पती ऑस्ट्रियातील शस्त्रनिर्माते असल्याने त्यांच्या कानांवर शस्त्रास्त्रांची चर्चा पडलेली होती. रेडिओद्वारे टॉर्पेडोला दिशा देताना शत्रू त्या लहरींत व्यत्यय आणू शकतो. म्हणून लहरींची वारंवारताच सतत बदलत ठेवावी, ही कल्पना लमार यांची. तिचे श्रेय अँटाइल यांनी त्यांनाच दिले आहे.

मात्र प्रक्षेपक आणि ग्राहक यांनी एकाच क्षणी, एकाच क्रमाने वारंवारता बदलावी कशी? अँटाइल यांनी दोन्हीकडे एकसारख्या छिद्रांकित गुंडाळ्या योजिल्या. पेटंटच्या मजकुरात पियानोच्या गुंडाळीप्रमाणे ८८ वारंवारतांचा स्पष्ट उल्लेख आहे. पॅरिसमध्ये जो प्रश्न सुटला नाही तोच येथे नव्या रूपात पुढे आला, आणि या वेळी त्याला उत्तर होते. विद्युत परिपथांच्या बाबतीत कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील प्राध्यापक सॅम्युअल मॅककिओन यांचे साहाय्य झाले. ११ ऑगस्ट १९४२ रोजी पेटंट क्रमांक २२,९२,३८७ मंजूर झाले.

नौदलाने ही योजना स्वीकारली नाही. पियानोशी केलेली तुलनाच नडली, टॉर्पेडोत पियानो बसवावयाचा आहे असा अधिकाऱ्यांचा समज झाला, असे अँटाइल यांनी आत्मचरित्रात (१९४५) सुचविले आहे. हे स्पष्टीकरण चटकदार असले तरी अपुरे वाटते. त्या सुमारास अमेरिकन टॉर्पेडो ठरलेल्या खोलीवर धावत नव्हते व वेळेवर फुटतही नव्हते. अशा स्थितीत नव्या मार्गदर्शन यंत्रणेला कोण हात घालणार?

या दोघांना वाय-फायचे जनक म्हणणे हीदेखील अतिशयोक्तीच होय. वारंवारता बदलण्याचा विचार त्यांच्यापूर्वीही मांडला गेला होता, आणि आजचे वाय-फाय प्रामुख्याने वेगळ्या पद्धतींवर चालते. ब्लूटूथमध्ये मात्र हे तत्त्व प्रत्यक्ष वापरात आहे. पेटंटची मुदत ऑगस्ट १९५९ मध्ये संपली. अँटाइल त्यापूर्वीच, १२ फेब्रुवारी रोजी, निवर्तले होते. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने १९९७ मध्ये या संशोधनाचा गौरव केला तेव्हा दोघांपैकी केवळ लमार हयात होत्या.