ऊन पेल्यातला इतिहास

गेल्या नाताळच्या आठवड्यात आमच्या धर्मग्रामातील एका घरी प्रार्थनेसाठी जाण्याचा योग आला. त्या घरचा थोरला मुलगा अमेरिकेच्या ईशान्य भागात, ज्याला न्यू इंग्लंड म्हणतात त्या प्रदेशात, नोकरीनिमित्त स्थायिक झालेला. सहा वर्षांनी तो सहकुटुंब घरी आला होता. प्रार्थना आटोपल्यावर सूनबाईंनी स्वयंपाकघरातून वाफाळते पेले आणले. सफरचंदाचा रस, त्यात दालचिनीचे तुकडे, लवंगा, आले आणि संत्र्याची साल. “आमच्याकडे थंडीत घरोघरी हे सायडर करतात,” त्या म्हणाल्या. घरच्या आजींनी पेला हाती घेतला, त्याचा वास घेतला आणि आमच्याकडे पाहून विचारले, “फादर, ह्यात दारू नाही ना?”

आजींचा हा प्रश्न उगाच नव्हता. त्यांचे यजमान दारूपायी गेले. त्यानंतर तेलाच्या मुलांना घेऊन त्या चर्चमध्ये आल्या आणि या घरात दारूचा थेंब शिरू देणार नाही, असे व्रत त्यांनी वेदीसमोर घेतले. त्याला आता एकतीस वर्षे झाली. आम्ही मात्र क्षणाचाही विचार न करता सेमिनरीतले इंग्रजी बाहेर काढले. “सायडर म्हणजे सफरचंदाची दारूच की!” आजींनी पेला खाली ठेवला. “नाही हो फादर, तिथे शाळेतली मुलेही पितात,” असे सूनबाई म्हणाल्या. पण धर्मगुरूंच्या शब्दापुढे त्यांचे कोण ऐकणार? त्या मुकाट्याने पेले उचलून आत गेल्या.

घरी परतल्यावर आमचे मन आम्हांला खाऊ लागले. पुस्तके उघडली, तेव्हा कळले की आम्ही बरोबरही होतो आणि साफ चूकही होतो. ही दुहेरी गत कशी झाली, तो इतिहास वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आरंभ पवित्र शास्त्रापासूनच करावा लागतो. मादक पेयासाठी हिब्रू भाषेत ‘शेखार’ असा शब्द आहे. ग्रीक भाषेत त्याचे ‘सिकेरा’ झाले. संत लूकच्या शुभवर्तमानात देवदूत जखऱ्याला सांगतो की, त्याला होणारा पुत्र योहान द्राक्षारस व मद्य यांना शिवणार नाही. त्या मद्यासाठी तेथे हाच शब्द आला आहे. संत जेरोम यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस लॅटिन भाषांतर हाती घेतले, तेव्हा त्यांनी तो ‘सिसेरा’ या रूपात ठेवला. पुढे फ्रान्समध्ये त्याचे ‘सिद्र’ झाले आणि सफरचंदाच्या आंबवलेल्या रसाला तो कायमचा चिकटला. चौदाव्या शतकात जॉन विक्लिफ यांच्या मंडळींनी बायबल इंग्रजीत आणले, तेव्हा योहानाने जे वर्ज्य करावयाचे त्याला त्यांनी सरळ ‘सायडर’ म्हटले. विक्लिफ आणि ख्रिस्तसभा यांचे काय बिनसले, तो वाद येथे नको. त्या भाषांतराची पंधराव्या शतकातील एक हस्तलिखित प्रत इंग्लंडमधील हेरफर्ड कॅथीड्रलच्या साखळदंडी ग्रंथालयात आहे आणि ती ‘सायडर बायबल’ याच नावाने ओळखली जाते. तेव्हा शब्दाच्या मुळाशी दारू आहे, एवढे आमचे म्हणणे खरे ठरते.

सफरचंद स्वतः मात्र ना इंग्लंडचे, ना अमेरिकेचे. त्याचे मूळ घर मध्य आशियातील तिएनशान पर्वताच्या उतारावर, आजच्या कझाकस्तानात. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव १९२९ साली तेथे गेले आणि रानोमाळ पसरलेली सफरचंदाची जंगले पाहून त्यांनी हे ताडले. तेथून व्यापारी वाटांनी हे फळ पश्चिमेस गेले. जेथे द्राक्षवेल नीट पिकत नाही, अशा थंड, ओलसर मुलुखात, म्हणजे फ्रान्सच्या नॉर्मंडीत, स्पेनच्या आस्तुरियात आणि १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर इंग्लंडच्या पश्चिम परगण्यांत, द्राक्षारसाची जागा सफरचंदाच्या रसाने घेतली. शरदात फळे उतरवायची, दगडी घाण्यात घोडा जुंपून ती चेचायची, चोथ्याचे गवताबरोबर थर रचून ते दाबायचे आणि निघालेला रस पिंपांत भरून ठेवायचा. फळाच्या अंगच्याच किण्वाने तो आंबतो आणि हिवाळ्यात पेय तयार होते. शेतमजुरांच्या मजुरीचा एक भागही याच पेयात दिला जाई. बाप घरी पैशांऐवजी नशा घेऊन येई! ही चाल बंद करण्यास १८८७ सालचा कायदा यावा लागला.

हे पेय गरम करून, मसाला घालून पिण्याची रीत नाताळ आणि तीन राजांच्या सणाशी जोडलेली आहे. ‘वासेल’ हा जुना शब्द. ‘निरोगी राहा’ असा त्याचा अर्थ. मोठ्या लाकडी वाडग्यात ऊन सायडर किंवा एल ओतायचे, त्यात साखर, जायफळ, सुंठ घालायची, वर भाजून फुटलेली सफरचंदे तरंगत ठेवायची. त्या फुटलेल्या गराच्या पांढुरक्या फेसामुळे या पेयाला ‘कोकराची लोकर’ असे गोड नाव मिळाले. सॉमरसेट, डेव्हन, हेरफर्ड या भागांत माणसांबरोबर झाडांनाही आरोग्य चिंतले जाई. गावकरी रात्री बागेत जमत, सर्वांत जुन्या झाडाच्या मुळाशी सायडर ओतीत, सायडरमध्ये बुडवलेला भाजका पाव रॉबिन पक्ष्यांसाठी फांद्यांत ठेवीत आणि अरिष्टे पळावीत म्हणून बंदुकांचे बार काढीत. आमच्या सेमिनरीतील एखाद्या कडक प्राध्यापकांनी याला ख्रिस्तपूर्व अंधश्रद्धेचा अवशेष म्हटले असते. पण गोव्यात ऑगस्टमध्ये कणसांच्या फेस्ताला नव्या भातावर आशीर्वाद मागणारे आम्ही त्या गावकऱ्यांना फार हसू शकत नाही.

या सणाच्या तारखेचीही एक गंमत आहे. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली दिनदर्शिका सुधारली. पण पोपचे म्हणून इंग्लंडने ती नाकारली आणि अखेर १७५२ साली स्वीकारली. २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला. सॉमरसेटमधील कारहॅम्प्टन या गावाने मात्र आपल्या झाडांना हे अकरा दिवस कळवलेच नाहीत. तेथे अजूनही ६ जानेवारीऐवजी १७ जानेवारीस वासेल होते.

आता त्या पेल्यातल्या मसाल्याकडे वळू. इंग्लंडच्या मातीत यांतले काहीच पिकत नाही. दालचिनी श्रीलंकेची, सुंठ मलबारची. लवंग मोलुक्का बेटांची. त्याच बेटांत संत फ्रान्सिस झेवियर १५४६ साली सुवार्तेसाठी हिंडले. जायफळ आणि जायपत्री तर त्या काळी जगात एकाच ठिकाणी होती, चिमुकल्या बांदा बेटांवर. मसाल्याच्या व्यापारात पोर्तुगीजांचे हात स्वच्छ होते, असे आम्ही म्हणणार नाही. पण १६२१ साली डचांच्या ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर यान पीटरझून कून याने बांदात जे केले, त्याला तोड नाही. मक्ता आपल्याच हाती राहावा म्हणून बेटांवरील बहुतेक रहिवासी कापले गेले, उपासमारीने मेले किंवा गुलाम म्हणून नेले गेले. पुढे १६६७ च्या ब्रेडा येथील तहात रन नावाचे जायफळाचे एक बेट डचांकडे राहिले आणि मॅनहॅटन इंग्रजांकडे. वासेलच्या वाडग्यावर जायफळ किसणाऱ्या गृहिणीला यातले काही ठाऊक असण्याचा संभव नव्हता.

तिला ठाऊक नसलेली आणखी एक गोष्ट होती, ती तर तिच्या घरातलीच. डेव्हन परगण्यात सतरा-अठराव्या शतकांत दर शरदात एक भयंकर पोटशूळ येई. पोटात पीळ पडे, शौचास होत नसे, पुढे मनगटे लुळी पडत. कित्येक दगावत. लोकांनी सायडरच्या आंबटपणाला दोष दिला. परंतु डॉक्टर जॉर्ज बेकर यांना एक साधा प्रश्न पडला. हेरफर्डचे लोकही भरपूर सायडर पितात; मग त्यांना हा आजार का होत नाही? बेकर डेव्हनचेच, तेथील एका धर्मगुरूंचे पुत्र. त्यांनी दोन्हीकडचे घाणे तपासले. डेव्हनमध्ये घाण्याच्या दगडांचे सांधे शिशाने भरत, काही ठिकाणी दाबयंत्राला शिशाचे अस्तर लावीत. हेरफर्डमध्ये तसे नव्हते. सफरचंदाचे आम्ल ते शिसे विरघळवीत होते. बेकर यांनी डेव्हनच्या सायडरची रासायनिक परीक्षा केली, त्यात शिसे सापडले आणि १७६७ साली त्यांनी आपला निबंध लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्ससमोर वाचला.

याचे फळ काय मिळाले? परगण्याचा धंदा बुडवणारा कुपुत्र म्हणून त्यांच्यावर झोड उठली. घाणेवाले तुटून पडले, इतर डॉक्टरही आणि, लिहिताना लाज वाटते, धर्मगुरूही. सफरचंदांवर आणि सायडरवर दशांश गोळा होत असे, हे येथे विसरता येत नाही. तरीही घाण्यांतले शिसे हळूहळू निघाले आणि तो पोटशूळ ओसरला. आम्ही हे पान वाचले, तेव्हा आमच्यासमोर ठासून बोलणारा एक धर्मगुरू आणि मुकाट्याने उचललेले पेले उभे राहिले.

मग सूनबाईंचे सायडर कोणते? त्यासाठी अमेरिकेत जावे लागते. इंग्लंडमधून गेलेल्या वसाहतवाल्यांनी सफरचंदाच्या बिया बरोबर नेल्या. बियांपासून उगवलेल्या झाडाची फळे आईसारखी निघत नाहीत, बहुधा आंबट-तुरट निघतात. ती खाण्यास निकामी, पण सायडरला उत्तम. गावोगाव रोपवाटिका लावीत हिंडणारा जॉन चॅपमन (१७७४-१८४५) सायडरच्या घाण्यांवरील चोथ्यातूनच बिया गोळा करी. राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स रोज सकाळी पेलाभर सायडर पीत. तेव्हा सायडर म्हणजे आंबवलेले सायडरच.

मग दारूबंदीची चळवळ आली. १८२६ साली बोस्टनमध्ये अमेरिकन टेम्परन्स सोसायटी स्थापन झाली. आयर्लंडचे कापुचिन धर्मगुरू फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांनी १८३८ पासून लाखो लोकांना मद्यत्यागाची शपथ दिली आणि १८४९ ते १८५१ या काळात अमेरिकेत फिरून तेथेही दिली. आजींची शपथ त्याच कुळातली. काही शेतकऱ्यांनी तर आपल्या सायडरच्या बागांवर कुऱ्हाड चालवली. पुढे १९२० ते १९३३ अशी देशव्यापी दारूबंदी होती. तिच्यात घरच्या वापरासाठी न चढणारे सायडर आणि फळांचे रस करण्याची मुभा ठेवली होती. आंबवलेले पेय जवळजवळ नाहीसे झाले. नाव मात्र उरले आणि ते शरदातल्या ताज्या, गढूळ, न गाळलेल्या गोड रसाला मिळाले. अलीकडच्या दशकांत आंबवलेले पेय पुन्हा आले आहे, पण तिकडे त्याला ‘हार्ड’ हे विशेषण मुद्दाम लावावे लागते. एकच शब्द इंग्लंडमध्ये दारू आणि अमेरिकेत मुलांचे पेय, तो असा.

हा ताजा रस ऊन करण्यात केवळ चैन नाही. १९९१ साली मॅसॅच्युसेट्समध्ये न तापवलेल्या सायडरमुळे २३ जणांना ई. कोलाय या जंतूची बाधा झाली. १९९६ साली अमेरिकेच्या पश्चिम भागात अशाच कच्च्या रसाने एका बालकाचा जीव गेला. त्यानंतर १९९८ पासून अशा बाटल्यांवर धोक्याची सूचना छापणे बंधनकारक झाले. रस ७१ अंशांपर्यंत तापला की ते जंतू मरतात.

आपल्याकडे घाणा नाही, पण त्यावाचून अडत नाही. हिमाचलची आठ-दहा सफरचंदे (त्यांतली निम्मी आंबटसर असावीत) सालीसकट चिरून बुडतील एवढ्या पाण्यात टाकावी. दालचिनीचे दोन तुकडे, सहा-सात लवंगा, ठेचलेले आले आणि अर्ध्या संत्र्याची साल घालावी. दोन तास मंद आचेवर ठेवावे, मग फळे घोटून आणखी तासभर. लवंग जास्त झाली तर तोंड बधिर होते, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो. स्वच्छ पंचातून गाळून चवीपुरता गूळ घालावा. हिमाचलची ही सफरचंदेही अमेरिकेच्या वाटेनेच आली. कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी १९०४ साली भारतात आलेल्या सॅम्युअल स्टोक्स यांनी १९१६ साली कोटगडजवळ अमेरिकन जातीची रोपे लावली. पुढे ते हिंदू झाले आणि त्याआधी स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगातही गेले. त्यांच्यावर पुन्हा कधीतरी लिहू.

तीन राजांच्या सणाच्या संध्याकाळी आम्ही स्वतः केलेला तांब्याभर रस घेऊन त्या घरी गेलो. मुलगा आणि सूनबाई दोन दिवसांनी परतणार होते, सामानाची बांधाबांध चालली होती. आम्ही आधी सूनबाईंना सांगितले की चूक आमची होती. मग आजींना सांगितले की यात दारू नाही. त्या म्हणाल्या, “त्या दिवशी हिनं सगळं मोरीत ओतलं, फादर. मी बघत होते.” सूनबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी आत जाऊन पेले आणले, रस पुन्हा ऊन केला आणि पहिला पेला आजींच्या हाती दिला. आजींनी या वेळी आमच्याकडे पाहिले नाही. अर्धा पेला रिकामा झाल्यावर त्या सुनेला म्हणाल्या, “तुझ्यात आलं जास्त होतं. वासावरूनच कळलं होतं मला.”