जुन्या चेहऱ्यावरचा नवा ठसा

आठवतं का? इतिहासाच्या तासाला बाईंनी वहीच्या पानाखाली नाणं ठेवून वरून पेन्सिल घासायला लावली होती. कागदावर हळूहळू सिंह उमटले. "नाणं म्हणजे राजाचं पत्र," बाई म्हणाल्या. ते खऱ्या अर्थाने कळलं ते पुढे, रोमन नाण्यांविषयी वाचताना.

रोमन सम्राट ऑगस्टसच्या 'देनारियस' या चांदीच्या एका नाण्यावर पुढे त्याचा चेहरा आहे, तर मागे गायस आणि लुसियस हे त्याचे वारस नातू ढाली-भाल्यांसह उभे आहेत. गादी पुढे कुणाची, हे निरक्षरालाही कळावं! हीच नाणी दक्षिण भारतात भरपूर सापडली. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात भडोचला सोन्या-चांदीची देनारियस येत असल्याची नोंद आहे. त्यातच कल्याणपाठोपाठ 'सेमिल्ला' बंदर येतं. ते म्हणजे आपलं चौल, असं अभ्यासक मानतात. तिकडे जाणारी गलबतं थळच्या किनाऱ्यासमोरूनच जात असणार.

त्याच काळात क्षत्रप नहपानानेही आपल्या चांदीच्या नाण्यांवर चेहरा छापला. भोवती ग्रीक अक्षरं, मागे बाण आणि वज्र. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने त्याला हरवलं. पण ही नाणी त्याने वितळवली नाहीत. त्यांच्यावरच आपला ठसा मारला. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे फुलीच्या चार टोकांना चार वर्तुळं. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला १३ हजारांहून अधिक नाणी सापडली. त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर हा दुसरा ठसा आहे.

नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्राचा गौरव सांगणारा, त्याच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे. त्यात त्याने नहपानाच्या क्षहरात कुळाचा समूळ उच्छेद केल्याचं कोरलं आहे. दगडावर ते कुळ संपलं. चांदीवर मात्र डोंगराच्या कमानीआडून नहपानाचं नाक, एखादं ग्रीक अक्षर अजून डोकावतं. जिंकणाऱ्याचं पत्र वाचताना खालचं पुसट पत्रही वाचावं, हे मला या नाण्यांनी शिकवलं.

मेळाव्यात आपणही एकमेकांकडे असंच निरखून पाहू. संसाराचे, नोकरीचे, वयाचे ठसे वर बसलेत. पण जरा तिरपं धरलं, की खाली तोच मागच्या बाकावरचा चेहरा दिसेल.