ड्वार्फ फोर्ट्रेस : खेळ की कथायंत्र?

ड्वार्फ फोर्ट्रेस : टार्न व झॅक अ‍ॅडम्स या अमेरिकन बंधूंनी घडवलेला संगणकावरील खेळ. पहिली सार्वजनिक आवृत्ती ऑगस्ट २००६ मध्ये आली. पुढची सोळा वर्षे तो केवळ मोफत मिळे आणि भावांचा चरितार्थ चाहत्यांच्या देणग्यांवर चाले. पडद्यावर चित्रे नसत, अक्षरे आणि चिन्हेच दिसत. चित्रे व संगीत असलेली आवृत्ती किटफॉक्स गेम्स या प्रकाशकाने ६ डिसेंबर २०२२ रोजी स्टीम या ऑनलाइन दुकानात विक्रीस आणली.

नवे जग मागितले की खेळाची प्रणाली आधी डोंगर, नद्या, पर्जन्यमान ठरवते आणि मग त्या भूमीवर दीर्घ इतिहास घडवून आणते. राज्ये उभी राहतात, युद्धे पेटतात, अजस्र प्राणी गावे उद्ध्वस्त करतात, हजारो व्यक्ती जन्मतात आणि मरतात. या सगळ्याची नोंद राहते. त्यानंतर सात बुटके आणि एक गाडा एवढ्या भांडवलावर खेळणाऱ्याने वस्ती वसवायची असते. बुटक्यांना हाताला धरून चालवता येत नाही. काम नेमून द्यायचे, ते कोण कधी हाती घेईल हे त्यांची भूक, झोप आणि स्वभाव यांवर सोडायचे. जिंकण्याची अट कुठेच नाही. बहुतेक वस्त्या शेवटी पुरात, उपासमारीत किंवा हल्ल्यात बुडतात, आणि ‘हरण्यातच मजा’ हे खेळणाऱ्यांचे ब्रीद होऊन बसले आहे.

याला खेळ म्हणावे का, हा वाद इथूनच सुरू होतो. डॅनिश अभ्यासक येस्पर यूल यांनी २००५ मध्ये मांडलेल्या व्याख्येत खेळाला नियम हवेत, मोजता येईल असा निकाल हवा आणि त्या निकालाला चांगले-वाईट असे मोल हवे. शहर वसवण्याच्या सिमसिटीसारख्या अंतहीन कृतींना त्यांनी सीमारेषेवर ठेवले. सिमसिटीचे कर्ते विल राइट स्वतःही तिला खेळापेक्षा खेळण्याच्या (टॉय) जवळची मानत. ड्वार्फ फोर्ट्रेस तर कथा निर्माण करण्याच्या उघड हेतूनेच रचला गेला. झॅक आधी कथा लिहीत, आणि तशी घटना आपोआप घडायची तर प्रणालीत काय काय लागेल याचा दोघे भाऊ विचार करीत.

तरीही तो खेळच आहे, कारण इथली कथा नियमांच्या टकरीतून निघते. २०१५ मध्ये खेळात मद्यालये आली आणि मांजरे विनाकारण मरू लागली. टार्न यांनी शोध घेतला तेव्हा कळले, की सांडलेली बीअर मांजरांच्या पंजांना लागत होती, अंग चाटून साफ करताना ती पोटात जात होती आणि हिशेबातल्या चुकीमुळे दर वेळी अख्खा पेला प्यायल्याची नोंद होत होती. मद्यपी मांजराची गोष्ट कोणीच लिहिलेली नव्हती. सांडणे, चिकटणे, चाटणे, झिंगणे हे वेगवेगळे नियम एकत्र आले आणि ती घडली.

जेम्स मीहान यांच्या टेल-स्पिन या १९७६ च्या प्रणालीशी ताडून पाहिले तर फरक स्पष्ट होतो. तिथे पात्रे व त्यांची उद्दिष्टे ठरली की प्रणाली प्राण्यांची गोष्ट रचून देई. वापरणाऱ्याचे काही पणाला लागत नसे, म्हणून ते साधन. ड्वार्फ फोर्ट्रेसमध्येही असा एक कप्पा आहे : ‘लेजंड्स’ या विभागात जगाचा इतिहास नुसता वाचता येतो. तो विभाग खेळ नव्हे, बखर आहे. पण वस्ती वसवताना धान्य आधी की तटबंदी, या निवडीची किंमत मोजावी लागते. ती मोजण्याची तयारी हीच खेळाची खरी खूण. विजयाची घोषणा नसल्याने काही बिघडत नाही. भातुकलीतही कोणी जिंकत नाही. निकालावर अडून बसणारी व्याख्या त्यामुळे तोकडी ठरते. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनेही त्याला खेळच मानले : २०१२ मध्ये संग्रहासाठी निवडलेल्या पहिल्या चौदा व्हिडिओ गेममध्ये ड्वार्फ फोर्ट्रेसचा समावेश होता.

टायनन सिल्व्हेस्टर यांचा रिमवर्ल्ड हा खेळ (पूर्ण आवृत्ती २०१८) याच वाटेने पुढे गेला. त्यात ‘कथाकार’ हा प्रणालीचाच एक भाग आहे. कसांड्रा टप्प्याटप्प्याने ताण वाढवते, फीबी मध्ये मोठी उसंत देते, रँडी मनाला येईल तेव्हा संकट धाडतो. खेळणाऱ्याने सुरुवातीलाच या कथाकारांपैकी एक निवडायचा आणि मग त्याने पाठवलेल्या संकटांतून आपली माणसे वाचवायची.