आपण काय काय खातो?

'खाणे' हे क्रियापद मूल शाळेत येण्याआधीच शिकून येते. अडचण येते ती इंग्रजीच्या तासाला. भाकर खाल्ली, तिथे 'ईट' चालते. पण मार खाल्ला, भाव खाल्ला, कच खाल्ली, पैसे खाल्ले, यांना 'ईट' कसे चालणार? उर्दूत तर लोक कसमही खातात. इंग्रजांचे असेच ओढाताणीचे क्रियापद 'टेक': शपथ, परीक्षा, विश्रांती, औषध, सारे त्याच्याच गळ्यात.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, म्हणून या 'खाण्या'चा इतिहास मला फार मोलाचा वाटतो. मराठीतले 'खाणे' आणि उर्दूतले 'खाना' ही सख्खी भावंडे. दोघांचे मूळ संस्कृत 'खाद्'. उर्दूला परकी म्हणणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे, की तिची रोजची क्रियापदे याच मातीतली आहेत.

फारसीत खाण्याला 'खुर्दन' म्हणतात. पिण्यालाही तोच शब्द चालतो. तिथे दुःख खातात, पराभव खातात आणि शपथही खातात. शपथेला फारसी शब्द 'सौगंद'. त्याचे मूळ जुन्या इराणातल्या एका दिव्यात सांगतात: आरोपीला गंधकाचे पाणी प्यायला लावायचे आणि त्यावरून खरे-खोटे ठरवायचे. उर्दूने हे प्रयोग घेतले, पण क्रियापद आपले ठेवले: कसम खाना, शिकस्त खाना, गम खाना. मराठीतही आपण 'जरा गम खा' म्हणतो. मात्र फारसीतला गम म्हणजे दुःख. मराठीत गम खाणे म्हणजे धीर धरणे. शब्द आला आणि इथे येऊन शहाणा झाला. 'शेण खाणे', 'कच खाणे' ही मराठीची स्वतःची कमाई, ती वेगळीच.

याच 'खुर्दन'मधून 'खोर' आला. हरामखोर, चुगलखोर हे जसेच्या तसे आले. पण 'भांडखोर' बघा. भांडण मराठीचे, खोर फारसीचा, आणि सांधा कुठे दिसतही नाही.

'हलालखोर' या शब्दाची कथा तर वाचण्यासारखी आहे. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त नोंद आहे, की झाडलोट करणाऱ्यांना अकबर बादशाहने हे नाव दिले. हलालखोर म्हणजे कष्टाचे, हक्काचे खाणारा. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातही 'हलालखोर कर' होता. नाव मानाचे मिळाले, पण मैला उपसणाऱ्याच्या वाट्याला मान आला नाही. नुसता शब्द बदलून माणसाची जागा बदलत नाही, हे यातून शिकावे.

शब्दांवरून आपल्याकडे वाद कमी झाले नाहीत. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंडितांनी 'राज्यव्यवहारकोश' रचला. दरबारातल्या फारसी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले. ते राज्यकारभाराचे काम होते, आणि त्यात भर होता तो पदांच्या, वस्तूंच्या नावांवर.

आमच्या नागपुरातही एप्रिल १९३६ मध्ये असाच एक वाद रंगला. भारतीय साहित्य परिषदेचे अध्यक्ष होते महात्मा गांधी. देशाच्या समाईक भाषेला 'हिंदी' म्हणायचे, 'हिंदुस्तानी' म्हणायचे की दोन्ही जोडायचे, यावरून मौलवी अब्दुल हक आणि गांधीजींचे मतभेद झाले. मौलवीसाहेब नाराज होऊन परतले. हे तेच अब्दुल हक, ज्यांनी मराठीवरच्या फारसीच्या परिणामावर उर्दूत पुस्तक लिहिले. मराठी-उर्दूचे नाते जाणणारा माणूस नागपुरातून दुखावून जावा, याची मला आजही खंत वाटते.

या भांडणांत एक गोष्ट दिसते. वाद होतो तो नावांवर. भाषेचे नाव, गावाचे नाव, पदाचे नाव. क्रियापदांकडे कुणी बोट दाखवत नाही. येणे, जाणे, बसणे, खाणे यांना धर्म कोण विचारणार? आणि वाक्य तर त्यांच्यावरच उभे असते.

"तुम्ही मुसलमान असून मराठी छान बोलता हो," हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसते, म्हणून रागावू नका. 'जरा गम खा' आणि 'भांडखोर' हे दोन शब्दप्रयोग त्याच्यासमोर ठेवा आणि विचारा, यातले तुमचे किती, आमचे किती? मराठी आपण कुणाकडून उसनी घेतलेली नाही. ती घडली तेव्हा आपले पूर्वजही त्याच पंगतीत जेवत होते.