तपकिरीच्या डबीवर चित्र कुणी छापलं?

तपकिरीच्या डब्या, घड्याळांची कवचं, कोटाची बटणं, दातकोरणी ठेवायच्या नळकांड्या. १७५६ मध्ये लंडनजवळच्या बॅटरसी इथल्या कारखान्याच्या मालकाचं दिवाळं निघालं, तेव्हा विक्रीला निघालेल्या मालात अशा वस्तू होत्या. तांब्याच्या पत्र्यावर मिन्याचा पांढरा थर आणि त्यावर छापलेलं चित्र, हे या कारखान्याचं वैशिष्ट्य. तो जेमतेम तीन वर्षं चालला.

एवढ्याशा वस्तूवर छापायचं कसं? तांब्याच्या पाटीवर चित्र कोरायचं, रेषांमध्ये तेलात खललेला रंग भरायचा आणि त्याचा ठसा पातळ कागदावर घ्यायचा. रंग ओला असतानाच तो कागद डबीवर दाबायचा. मग भट्टी. पुष्कळदा त्यानंतर कुंचल्याने रंग भरून डबी पुन्हा भाजत. म्हणजे रेषा यंत्राची, रंग हाताचा.

आता संशोधनातला नेहमीचा प्रश्न: हे पहिल्यांदा कुणी केलं? जॉन ब्रुक्स या आयरिश कोरीवकाम करणाऱ्याने १७५१ मध्येच बर्मिंगहॅमहून पेटंट मागितलं होतं. ते मिळालं नाही. पुढे तो बॅटरसीच्या कारखान्यात भागीदार झाला. तिकडे लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन यांनी १७५६ मध्ये शपथेवर सांगितलं की, २७ जुलैला दोघांनी मिळून सहा तासांत १,२०० पेक्षा जास्त टाइल्स छापल्या. शंभर कुशल चित्रकारांनाही तेवढ्या वेळात हे जमलं नसतं, असाही दावा होता.

आकडा भारी आहे, पण जरा थांबा. टाइल सपाट असते. गोलसर डबीवर तोच कागद सुरकुततो. शिवाय मोजलंय ते फक्त छापणं. भाजणं आणि रंग भरणं त्यात धरलेलं नाही. आणि शंभर चित्रकारांशी तुलना करतंय कोण? ज्यांना पेटंट हवं होतं तेच. म्हणून शपथपत्र खोटं ठरत नाही. फक्त ते कशाचा पुरावा आहे आणि कशाचा नाही, हे वेगळं काढावं लागतं.

इथे वस्तू मदतीला येतात. एकाच पाटीवरून छापलेल्या दोन डब्या शेजारी ठेवल्या, तर रेषा जुळतात, रंग जुळत नाहीत. एकीचा झगा निळा, तर दुसरीचा गुलाबी. चित्रकाराचं काम संपलं नव्हतं, ते बदललं होतं. आखणी हातातून गेली आणि रंग भरणं उरलं. ‘शंभर चित्रकार’ या शब्दांत ही गोष्ट दिसत नाही.

वक्र पृष्ठभागाची अडचण पुढे सरसाच्या लवचिक वडीने बरीच सोडवली. वडीवर तेलाचा ठसा घ्यायचा, तो भांड्यावर उतरवायचा आणि वर रंगाची पूड भुरभुरायची. वडी मऊ, त्यामुळे ती वस्तूच्या आकाराप्रमाणे वाकते. रबरी शिक्क्यामागेही हेच तत्त्व आहे; पण त्यासाठी उन्हाळ्यात चिकट न होणारं, थंडीत न तडकणारं रबर लागतं. गंधक घालून तसं रबर करण्याचं अमेरिकी पेटंट चार्ल्स गुडइयरला मिळालं ते १८४४ मध्ये.

तेव्हा ‘पहिला कोण’ हे विचारण्याआधी ‘कशावर छापलं’ हे विचारा. टाइल, डबी आणि भांडं यांची उत्तरं वेगळी येतात.